ग्रंथांची साक्ष

बोरिवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात कान्हेरीची लेणी आहेत. डोंगराच्या खडकात कोरलेली ही लेणी शंभरांहून अधिक आहेत. ती कोणी कोरली असे विचारले, तर एखादा वृद्ध सांगतो, “पांडवांनी, एका रात्रीत!” महाराष्ट्रातील पुष्कळ लेण्यांविषयी ही कथा ऐकू येते. कथा मोठी गोड आहे. पण ती खरी मानावी काय? ह्याचा निर्णय करण्यासाठी ग्रंथांची साक्ष काढली पाहिजे.

साक्ष काढण्यापूर्वी आपला प्रश्न नेमका असावा. ‘कान्हेरीची माहिती हवी’ एवढेच म्हटल्याने शोधाला दिशा मिळत नाही. ‘ही लेणी कोणी, केव्हा आणि कशासाठी कोरविली?’ असे विचारले, म्हणजे काय शोधावयाचे ते कळते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याचे एक मोठे ग्रंथालय कालिना येथील विद्यानगरीत आहे. पुढे उच्च शिक्षण घेताना तुम्हांला अशा ग्रंथालयात जावे लागेल. तेथील असंख्य ग्रंथांतून हवा तो ग्रंथ कसा सापडावा? त्यासाठी तालिका असते. पूर्वी ती लहान लहान खणांत रचलेल्या कार्डांवर लिहिलेली असे. आता ती संगणकावर पाहता येते. लेखक, ग्रंथाचे नाव किंवा विषय, ह्यांपैकी काहीही ठाऊक असले तरी ग्रंथाचा वर्गांक मिळतो. १८७६ साली ड्यूई ह्या अमेरिकन ग्रंथपालाने प्रसिद्ध केलेली वर्गीकरणपद्धती अनेक ग्रंथालयांत चालते. तीत भारताच्या इतिहासाचा अंक ९५४ आहे. एका विषयाचे ग्रंथ शेजारी शेजारी असतात. म्हणून हवा तो ग्रंथ सापडल्यावर त्याचे शेजारीही चाळून पाहावेत. अडल्यास ग्रंथपालांना विचारण्यात संकोच नसावा.

शोधताना जुनी नावेही ध्यानात ठेवावी लागतात. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या गॅझेटिअरमध्ये कान्हेरीचे सविस्तर वर्णन आहे. परंतु ते मुंबईच्या नव्हे, तर ठाणे जिल्ह्याच्या खंडात! कारण त्या वेळी हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात मोडत असे.

ग्रंथ मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. लेखक कोण? त्याने कधी लिहिले? त्याला हे कशावरून कळले? दुसरा ग्रंथ त्याला दुजोरा देतो काय? हे प्रश्न प्रत्येक ग्रंथाला विचारावेत. जुन्या ग्रंथांतील लेण्यांचे क्रमांक आजच्या क्रमांकांशी नेहमी जुळत नाहीत. ते ताडून न पाहिल्यास एका लेण्याची माहिती दुसऱ्याच्या माथी बसते.

कान्हेरीच्या बाबतीत सर्वांत मोठी साक्ष खडकावरच कोरलेली आहे. तेथील पुष्कळ शिलालेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. डॉ. शोभना गोखले ह्यांनी ह्या लेखांवर लिहिलेला ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ साली प्रकाशित केला. ह्या लेखांवरून कळते, की ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी होती. ती एका रात्रीत झाली नाहीत; त्यांचे काम कित्येक शतके चालले होते. त्यासाठी अनेकांनी दान दिले. सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानेही एक टाके दिले. लेखांत ह्या टाक्याला ‘पोढी’ असा शब्द आहे.

पांडवांची कथाच आपण इतिहास मानली असती, तर तहानलेल्यांसाठी पाण्याची सोय करणाऱ्या त्या सोनाराचे श्रेय नकळत हिरावले गेले असते. कथा आनंदाने ऐकावी. पण ज्याचे श्रेय त्याला द्यावयाचे, तर साक्षीपुरावा तपासण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.