ठसे घेणाऱ्या यंत्राचा कप्पा कोणता?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यानंतर बोटांचे ठसे घेणारे लहानसे यंत्र रेशन दुकानात, बँकेत आणि कित्येक ठिकाणी हजेरीसाठीही दिसू लागले. अशी यंत्रे परदेशातून न्हावा-शेवा बंदरात किंवा विमानतळावर उतरतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो असा : ही वस्तू नेमकी काय आहे? संगणकाचा भाग, कुलूप की घड्याळ? या उत्तरावरच सीमाशुल्क ठरते. प्रश्न व्यापाऱ्यांचा वाटला तरी मुळात तो वर्गीकरणाचा आहे, म्हणून आपल्याही वर्गात आणण्याजोगा आहे.

यंत्रात काय घडते?

प्रकाशीय यंत्रात काचेचा लोलक असतो. त्याच्या पृष्ठभागावर आतून पडणाऱ्या प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. आपण बोट टेकवले की त्वचेचे उंचवटे काचेला चिकटतात आणि तेवढ्या जागी हे परावर्तन बिघडते. उंचवट्यांमधल्या खाचांत हवा असल्याने तेथे ते चालूच राहते. त्यामुळे उंचवटे काळे व खाचा उजळ दिसतात आणि ही प्रतिमा अंकांच्या रूपात संगणकाकडे जाते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात प्रकाशाऐवजी विद्युत धारकतेतील फरक मोजतात.

नियम काय सांगतात?

जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ ही वर्गीकरण पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिच्यात २१ विभाग आणि ९७ पर्यंत क्रमांकांची प्रकरणे आहेत. पैकी ७७ वे प्रकरण राखून ठेवलेले आहे. क्रमांकातील पहिले दोन अंक प्रकरण दाखवतात, चार अंकांनी शीर्षक आणि सहा अंकांनी उपशीर्षक समजते. भारत त्यापुढे आणखी दोन अंक जोडतो.

खोक्यावर कारखानदाराने कोणते नाव छापले आहे, यावरून येथे निर्णय होत नाही. पहिला नियमच सांगतो की, शीर्षकातील शब्द आणि विभागांच्या व प्रकरणांच्या टिपा पाहून वर्गीकरण करावे. आपली यंत्रे आता या कसोटीवर घासून पाहू.

संगणकाला केबलने जोडायचे, फक्त ठशाची प्रतिमा पाठवणारे यंत्र घ्या. ८४ व्या प्रकरणाच्या टिपेत तीन अटी आहेत : ते केवळ किंवा मुख्यत्वे संगणक प्रणालीत वापरले जाणारे असावे, मध्यवर्ती प्रक्रियकाला थेट किंवा अन्य घटकामार्फत जोडता यावे, आणि प्रणालीला वापरता येईल अशा स्वरूपात माहिती देणारे किंवा घेणारे असावे. तिन्ही पूर्ण झाल्या की ते कळफलकाच्या पंगतीला, ८४७१.६० या उपशीर्षकात बसते.

तोच संवेदक दाराच्या विजेच्या कुलपात बसवून आणला तर? आता वस्तूचे काम दार बंद-उघड करणे हे आहे, आणि विजेवर चालणारी कुलपे ८३०१ या शीर्षकात येतात. त्याच टिपांनुसार, यंत्रात संगणक दडलेला असला तरी त्याचे काम माहितीवरील प्रक्रियेहून वेगळे असेल, तर त्या कामाचे शीर्षक शोधावे लागते. असे शीर्षक न सापडल्यास विजेच्या उपकरणांसाठी ८५४३ हे उरलेल्यांचे शीर्षक आहे.

हजेरीच्या यंत्रावर मात्र खरा वाद होऊ शकतो. वेळेची नोंद करणारी घड्याळयुक्त उपकरणे ९१०६ मध्ये येतात. हे यंत्र मुख्यतः वेळ नोंदवते की माणूस ओळखते? दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे.

एवढा काथ्याकूट कशासाठी?

१९९६ च्या सिंगापूर येथील घोषणेतून माहिती तंत्रज्ञान करार उभा राहिला. भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला आणि संगणक व त्याचे घटक यांवरील मूळ सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणले. कुलपांना ही सवलत नाही. म्हणून एका अंकाच्या फरकाने आयातदाराला शुल्क भरावे लागते. चूक पुढे उघडकीस आली तर व्याज आणि प्रसंगी दंडही होतो. शेवटी तो भार खरेदीदारावर, कधी एखाद्या शाळेवरही पडतो. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात रोकडरहित व्यवहारांना चालना देण्यासाठी ठसे वाचणाऱ्या यंत्रांचे स्पष्ट नाव घेऊन शुल्कमाफी जाहीर झाली होती. नाव घेतले की संदिग्धता कमी होते, हे त्यातून दिसते.

गंमत अशी की, ठशांची विद्याही कप्प्यांवरच उभी राहिली. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. तिच्यात ठशांचे १,०२४ कप्पे केले होते. तेथे कप्पा ठरे तो आकृतीवरून. आयातीच्या दालनात तो बहुधा कामावरून ठरतो.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. घड्याळ असलेले पेन, दिवा असलेली छत्री, कॅल्क्युलेटर असलेली पट्टी अशा वस्तू टेबलावर मांडाव्यात आणि मुलांना त्यांचे गट करू द्यावेत. त्यानंतर प्रत्येक गटाला आपला नियम एका वाक्यात लिहायला सांगावा. वाद होतील, आवाजही चढतील. आपण फक्त एवढेच विचारत राहावे : हा नियम तुम्ही वस्तू पाहण्याआधी केला होता, की नंतर?