वृत्तपत्रांचा पक्षपात आणि फॅसिझम : हुगेनबेर्गच्या वृत्तव्यवसायाचे उदाहरण

वृत्तपत्राचा पक्षपात शोधावयाचा म्हणजे त्याचा अग्रलेख उघडावयाचा, असा आपला सर्वसाधारण परिपाठ आहे. अग्रलेखात मत उघडपणे मांडलेले असते. ते न रुचल्यास वाचक सावध होतो. परंतु कोणती वार्ता छापावयाची, कोणती गाळावयाची, कोणती पहिल्या पानावर पुनःपुन्हा आणावयाची, ह्या निवडीतला पक्षपात असा डोळ्यांत भरत नाही. आणि ही निवड पुष्कळदा मजकूर संपादकाच्या मेजावर येण्यापूर्वीच झालेली असते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातील वृत्तपत्रांचा व फॅसिझमचा जो संबंध आला, त्याचा विचार करताना हा भेद ध्यानात न घेतल्यास एक सोयीची पण अपुरी कथा हाती लागते. ती अशी की, वृत्तपत्रे स्वतंत्र होती, हुकूमशहा सत्तेवर आले आणि त्यांनी कायद्याने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली. कायदे झाले हे खरेच. परंतु कायद्यांच्या आधी काय घडले होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इटलीचे उदाहरण थोडक्यात पाहू. मिलानच्या 'कोरिएरे देला सेरा' ह्या प्रतिष्ठित दैनिकाचे संपादक लुईजी आल्बेर्तीनी हे उदारमतवादी होते. प्रारंभी समाजवाद्यांच्या भीतीपोटी त्यांनी फॅसिस्टांकडे काहीशा सौम्य दृष्टीने पाहिले. पण जून १९२४ मध्ये समाजवादी प्रतिनिधी माते​ओत्ती ह्यांचा खून झाल्यावर त्यांचे पत्र विरोधाचे प्रमुख व्यासपीठ बनले. संपादकाला ताकीद देण्याचा व पुढे त्याची मान्यता काढून घेण्याचा अधिकार प्रांताधिकाऱ्यांना देणारा हुकूम जुलै १९२४ पासून अमलात आला होता. तथापि आल्बेर्तीनींचे संपादकपद गेले ते अशा हुकमाने नव्हे. पत्रातील मोठा हिस्सा क्रेस्पी ह्या कापडगिरणीवाल्या कुटुंबाचा होता. सरकारचा दाब वाढताच क्रेस्पींनी भागीदारीच्या करारातील एका तांत्रिक दोषावर बोट ठेवून तो करार मोडला, आणि नोव्हेंबर १९२५ च्या अखेरीस आल्बेर्तीनींना वाचकांचा निरोप घ्यावा लागला. पत्रकारितेला शासनाच्या चौकटीत बसविणारा मोठा कायदा त्यानंतर महिन्याभराने, ३१ डिसेंबर १९२५ रोजी झाला.

जर्मनीतील प्रकार अधिक गुंतागुंतीचा व म्हणूनच अधिक अभ्यसनीय आहे. आल्फ्रेट हुगेनबेर्ग (१८६५–१९५१) हा पेशाने पत्रकार नव्हता. १९०९ ते १९१८ ह्या काळात तो क्रुप ह्या पोलाद व तोफांच्या प्रचंड कारखान्याच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता. जड उद्योगांच्या पैशाच्या बळावर त्याने १९१६ साली बर्लिनमधील शेर्ल प्रकाशनसंस्था हस्तगत केली, आणि तिच्याबरोबर 'बेर्लिनर लोकाल-आन्त्साइगर' हे मोठ्या खपाचे दैनिक त्याच्या हाती आले. एवढ्यावरच तो थांबला असता तर तो अनेक धनिक वृत्तपत्रमालकांपैकी एक ठरला असता. त्याची दृष्टी मात्र निराळी होती. त्या वेळी जर्मनीत तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे निघत, आणि त्यांतील बहुसंख्य लहान गावांतली, अल्प खपाची, एका कुटुंबाच्या छापखान्यावर चालणारी अशी होती. ही सर्व पत्रे विकत घेणे अशक्य होते. पण त्यांना ज्या ज्या गोष्टींची नड असते त्या पुरविण्याचा धंदा आपल्या हाती आला, तर ती विकत घेण्याची गरजच काय, हे हुगेनबेर्गने ओळखले.

त्याने उभारलेल्या संस्थांकडे ह्या दृष्टीने पाहावे. जाहिराती मिळवून देणारी 'आला'. अडचणीत आलेल्या प्रांतिक पत्रांना व्यवसायाचा सल्ला व भांडवल पुरविणारी 'वेरा'. निमसरकारी वोल्फ वृत्तसंस्थेला स्पर्धा करणारी 'टेलिग्राफेन-उनिओन' ही वार्तासंस्था. आणि १९२२ साली स्थापन झालेली 'विप्रो'. ही शेवटची संस्था सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक होय. बातम्या, राजकीय टिपणे, चालू कादंबरीचे प्रकरण, चित्रे असा मजकूर बर्लिनमध्ये जुळवून त्याचे कागदी लगद्याचे साचे गावोगावच्या छापखान्यांना पाठविण्यात येत. तेथे त्या साच्यात धातूचा रस ओतला की छपाईचा ठसा तयार होई. खिळे जुळविण्याची मजुरी वाचे, वार्ताहर ठेवण्याचा खर्च वाचे. १९२३ च्या चलनवाढीने कंगाल झालेल्या छापखानेवाल्याला हा व्यवहार नाकारणे अवघड होते. मथळ्यावर गावाचे नाव कायम, संपादकही तोच. आणि वाचकाची समजूत अशी, की आपण आपल्याच गावचे, कोणत्याही पक्षाचे नसलेले पत्र वाचीत आहोत. संपादकाला कोणी आज्ञा केलेली नसे. दुसरा मजकूर परवडत नाही, एवढेच त्याच्या पराधीनतेचे स्वरूप होते.

आता असा प्रश्न उपस्थित होतो की, ह्या यंत्रणेने नेमके साधले काय? हुगेनबेर्ग ऑक्टोबर १९२८ मध्ये जर्मन राष्ट्रीय जनपक्षाचा अध्यक्ष झाला. ह्या पक्षाला डिसेंबर १९२४ च्या निवडणुकीत २०.५ टक्के मते होती. मे १९२८ मध्ये ती १४.२ टक्क्यांवर आली होती, आणि त्याच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर १९३० मध्ये ७ टक्क्यांवर घसरली. उलट बाजूनेही हेच दिसते. उल्श्टाइनसारख्या उदारमतवादी प्रकाशनसंस्थेची बर्लिनमधील पत्रे लाखांनी खपत, पण त्या मताचा पक्ष जुलै १९३२ पर्यंत एका टक्क्यापर्यंत खाली आला. तेव्हा पत्राचा मालक सांगेल त्याला वाचक मत देतो, हे समीकरण टिकत नाही. बर्नहार्ड फुल्डा ह्यांनी वाइमार काळातील वृत्तपत्रे व राजकारण ह्यांवरील आपल्या २००९ च्या ग्रंथात ह्या समीकरणाची कसून चिकित्सा केली आहे. ह्यावरून वृत्तपत्रे निष्प्रभ होती असा निष्कर्ष काढणारेही आहेत. तो मला घाईचा वाटतो. मत कोणाला द्यावे हे वृत्तपत्राला ठरविता आले नाही. पण चर्चा कशाची व्हावी आणि तुच्छता कोणाविषयी वाटावी, हे त्याला ठरविता आले.

१९२९ सालचे स्क्लारेक प्रकरण ह्याचा उत्तम नमुना आहे. बर्लिन नगरपालिकेला कपडे पुरविणाऱ्या तीन स्क्लारेक बंधूंनी अधिकाऱ्यांना लाच देऊन नगरबँकेकडून प्रचंड कर्जे उचलली होती. सप्टेंबरमध्ये त्यांना अटक झाली. महापौर ब्योस ह्यांच्या पत्नीला ह्या बंधूंकडून अल्प किमतीत मिळालेला फरचा कोट आठवडेच्या आठवडे गाजत राहिला. भ्रष्टाचार खरा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. रचलेल्या असत्यापेक्षा प्रमाणाबाहेर फुगविलेले सत्य खोडून काढणे अधिक कठीण असते. उजव्या पत्रांनी त्यातून प्रजासत्ताक म्हणजेच लाचखोरी असे चित्र उभे केले, आणि स्क्लारेक हे ज्यू असल्यामुळे त्या चित्रात विषाची भर पडली. कम्युनिस्ट पत्रांनीही आपल्या परीने सोशल डेमोक्रॅटांवर तीच धार धरली. १७ नोव्हेंबरच्या नगरपालिका निवडणुकीत नाझी पक्षाने बर्लिनमध्ये प्रथमच प्रवेश करून १३ जागा जिंकल्या. हुगेनबेर्गच्या पक्षाच्या जागा मात्र घटल्या. वणवा त्याने पेटवावा आणि धग दुसऱ्याने शेकावी, असे झाले.

त्याच वर्षी युद्धभरपाईच्या यंग योजनेविरुद्ध त्याने जी समिती स्थापन केली तीत हिटलरला बरोबरीने स्थान दिले. डिसेंबर १९२९ मधील सार्वमतात अवघ्या १३.८ टक्के मतदारांनी समितीच्या बाजूने मत दिले, म्हणजे मोहीम साफ फसली. परंतु मे १९२८ मध्ये २.६ टक्के मते मिळविणाऱ्या, म्युनिकमधील फसलेल्या बंडामुळेच ठाऊक असलेल्या पुढाऱ्याला प्रतिष्ठित राष्ट्रवाद्यांच्या पंक्तीत बसण्याचा मान मिळाला. नाझींच्या पुढील यशात ह्या प्रसिद्धीचा वाटा किती, ह्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मंदी व बेकारी ह्यांचा वाटा निःसंशय मोठा होता.

जानेवारी १९३३ मध्ये हुगेनबेर्ग हिटलरच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाला आणि जूनमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. ४ ऑक्टोबर १९३३ च्या संपादकविषयक कायद्याने संपादकाला मालकाऐवजी राज्यसत्तेला जबाबदार केले आणि ज्यूंना ह्या व्यवसायातून हद्दपार केले. वर्ष संपता संपता 'टेलिग्राफेन-उनिओन' व वोल्फ ह्या दोन्ही संस्था एकत्र करून एकच सरकारी वार्तासंस्था निर्माण करण्यात आली. नव्या राजवटीला तारांचे जाळे नव्याने विणावे लागले नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे दुर्बळ लोकशाह्यांचे भोग आहेत. त्याला लंडनचे उदाहरण पुरेसे आहे. लॉर्ड रॉदरमियरने जानेवारी १९३४ मध्ये 'डेली मेल'मधून मोस्लेच्या काळ्या डगलेवाल्यांचा जयजयकार केला आणि त्याच वर्षीच्या जुलैत तो पाठिंबा काढून घेतला. हा प्रकार उघड होता, म्हणून तो अल्पजीवी ठरला. 'टाइम्स'चे संपादक जेफ्री डॉसन हे फॅसिस्ट मुळीच नव्हते. जर्मनीशी सलोखा राहिला तरच युद्ध टळेल, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. मे १९३७ मध्ये आपल्या एका वार्ताहराला लिहिलेल्या पत्रात, जर्मनांच्या भावना दुखावतील असा मजकूर पत्रात येऊ नये म्हणून आपण रोज रात्री खटपट करतो, असे त्यांनी कळविले होते. त्याच पत्राचे बर्लिनमधील चाणाक्ष वार्ताहर नॉर्मन एबट ह्यांची ऑगस्ट १९३७ मध्ये जर्मनीतून हकालपट्टी झाली. कायदा नाही, मालकाची धमकी नाही, कर्ज नाही. तरीही गाळणी चालूच होती. वाचकाला तिचा पत्ता लागण्याचा मार्गही नव्हता, कारण न छापलेल्या मजकुराला पान नसते.

अभ्यासकाची अडचणही हीच आहे. नाझी काळापुरती ती एका धाडसामुळे काहीशी दूर झाली. बर्लिनमधील रोजच्या सरकारी पत्रकार परिषदेत काय छापावे व काय छापू नये ह्याच्या गुप्त सूचना मिळत, आणि त्या नष्ट कराव्यात असा दंडक होता. 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'चे वार्ताहर फ्रिट्स झेंगर ह्यांनी त्या जपून ठेवल्या. तो संग्रह आज कोब्लेन्ट्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि १९८४ पासून अशा सूचनांच्या संपादित आवृत्तीचे खंड प्रसिद्ध झाले आहेत.