लंकेची नभोवाणी आणि आपण

परवा वर्गात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाविषयी बोलत होतो. बोलता बोलता 'रेडिओ सिलोन' हे नाव तोंडून गेले. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे सिलोन स्टेशन मुंबईत होतं की दिल्लीत?" वर्गात कोणी हसले नाही, कारण बहुतेकांच्या मनात तीच शंका होती. मलाही हसू आले नाही. ज्या केंद्रावर हिंदी गाणी लागत, निवेदन हिंदीत होई आणि जाहिराती आपल्या बाजारातल्या मालाच्या असत, ते केंद्र परदेशात होते हे त्या मुलाने कशावरून ओळखावे?

सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. १९४८ साली स्वतंत्र झालेला, आपल्यासारखाच गरिबीतून वर येऊ पाहणारा देश. आमचे वडील तरुणपणी रोज सकाळी कोलंबोहून लागणारी जुन्या चित्रपटांतील गाणी ऐकत. आठाच्या ठोक्याआधी शेवटचे गाणे कुंदनलाल सैगलचे असे. सैगल संपला की सायकल काढून शाळेकडे निघायचे, हा त्यांचा नेम. अशी घरे महाराष्ट्रात हजारोंनी होती. तेव्हा प्रश्न असा, की सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या एका बेटाचा आवाज आपल्या माजघरात आला कसा? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न, तो यावा अशी वेळ आली का?

आधी यंत्राचे सांगतो. कोलंबोच्या नभोवाणीला आशियातल्या सर्वांत जुन्या नभोवाणींपैकी एक मानतात. १६ डिसेंबर १९२५ रोजी तिचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. मुंबईहून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रक्षेपण सुरू झाले ते जुलै १९२७ मध्ये, म्हणजे दीड वर्षाने मागाहून. एडवर्ड हार्पर नावाचे एक इंग्रज अभियंते कोलंबोच्या तार खात्यात होते, त्यांचा हा उद्योग. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या एका जर्मन पाणबुडीवरील बिनतारी यंत्राचे भाग घेऊन खात्यातल्या मंडळींनी आपले प्रक्षेपण यंत्र जुळवले आणि तारघरातल्याच एका लहानशा खोलीतून गाणी लावली.

पहिल्या युद्धाने पाणबुडीचे यंत्र दिले, तर दुसऱ्याने त्याहून मोठे घबाड दिले. लॉर्ड माउंटबॅटन यांचे आग्नेय आशियाचे युद्धठाणे १९४४ मध्ये कँडीला आले. दूरवर पसरलेल्या फौजांना बातम्या आणि करमणूक पुरवण्यासाठी 'रेडिओ सीक' हे लष्करी केंद्र निघाले, आणि त्यासाठी कोलंबोजवळ एकाला येथे शंभर किलोवॅटचे लघुलहरी यंत्र उभे राहिले. फौजा घरी गेल्या, यंत्र मात्र तिथेच राहिले. १९४९ मध्ये ते सिलोन सरकारच्या हाती आले. लहान देशाला मोठा गळा मिळाला!

आता या गळ्याची करामत. आपले नेहमीचे मध्यमलहरींचे केंद्र दिवसा जमिनीलगत जाते आणि काही शे किलोमीटरांत थकते. लघुलहरी वर आकाशात जातात. तिथे दोनतीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर आहे. चेंडू भिंतीवर आपटून परत यावा तशा या लहरी त्या थरावरून वळून दूरच्या जमिनीवर उतरतात. मधला समुद्र, डोंगर यांचा त्यांना अडथळा नाही. मात्र हा थर दिवसरात्र एकसारखा राहत नाही, म्हणून सकाळी पंचवीस मीटर, रात्री एकेचाळीस मीटर अशी जागा बदलावी लागे. आणि आवाज लांब जाऊन पुन्हा जवळ येई, तो का? तर एकच लहर दोन वाटांनी येऊन पोहोचते. दोघी जुळल्या की आवाज भरतो, एकमेकींच्या आड आल्या की विरतो. आपल्या आजोबांना वाटे, वाऱ्यामुळे गाणे हलते! तसं पाहिलं तर त्यांची कल्पना काही फार वाईट नव्हती.

पण नुसते यंत्र असून भागत नाही, कान मिळावे लागतात. ते कान आपण दिले, आणि इथे गोष्ट दिल्लीला येते. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, पॅरिसला शिकलेले आणि स्वतः गाण्याची तालीम घेतलेले हे गृहस्थ. राजेरजवाड्यांचा आश्रय गेल्यावर शास्त्रीय संगीताचा आधार आता सरकारी नभोवाणीच, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगावच्या माणसाला मोठमोठ्या गवयांचे गाणे घरबसल्या आणि फुकट ऐकायला मिळाले. हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

चित्रपटगीते मात्र त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवर त्यांचा वाटा कमी झाला, गीते निवडून घेण्यात येऊ लागली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही वगळायचे ठरले. निर्माते बिथरले आणि त्यांनी आपली गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. परिणाम काय झाला? ऐकणाऱ्याची आवड सुधारली असे नव्हे, त्याने रेडिओची खुंटी फिरवली.

खुंटी जिथे थांबली तिथे कोलंबोची व्यापारी सेवा तयार होती. कोलंबो योजनेखाली आलेले ऑस्ट्रेलियाचे क्लिफर्ड डॉड हे तिची व्यवस्था पाहत. पण हिंदी कार्यक्रमांचे बरेचसे काम मुंबईतच चाले. जाहिराती मुंबईत मिळत, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. तिथून त्या लहरींवर बसून पुन्हा मुंबईला येत! ३ डिसेंबर १९५२, बुधवार, रात्री आठ. अमीन सयानी या मुंबईच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने 'बिनाका गीतमाला' सुरू केली. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावायला सांगत, आणि बरोबर उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस असे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. हा कार्यक्रम त्यांनी पुढे काही दशके चालवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या आवाजाची आठवण काढणाऱ्यांत म्हातारे जसे होते तसे तरुणही होते.

दिल्लीलाही हे कळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिरातीही सुरू झाल्या. १९८९ मध्ये तर गीतमाला स्वतःच विविध भारतीवर आली. एवढी गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. ती सांगताना कोलंबो म्हणजे मोकळ्या मनाचे केंद्र आणि दिल्ली म्हणजे सोवळे केंद्र, असे सोपे चित्रही काढले जाते.

पण तेवढ्यावर थांबलो तर लंकेवर अन्याय होईल. आपल्याला हवे ते ऐकवणारी ही नभोवाणी स्वतःच्या देशातल्या गायकांशी कशी वागत होती? इथे आणखी एका मुंबईकराची गाठ पडते.

सिंहली रंगभूमीवरच्या आणि तबकड्यांवरच्या गाण्यांवर हिंदुस्थानी चालींचा पगडा फार जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या कोलंबोला जात, त्यांच्या चाली तिथल्या नाटकांत शिरल्या. पुढे बोलपट आले, हिंदी गाण्यांवर सिंहली शब्द बसवायची चाल पडली. शिकायचे तर हिंदुस्थानात, अशीही रीत झाली. लखनौच्या मॉरिस कॉलेजात लंकेचे कितीतरी विद्यार्थी येत. भातखंड्यांनी उभारलेल्या त्या विद्यालयाचे प्राचार्य होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईत जन्मलेले, भातखंडे आणि फैयाजखाँ यांचे शिष्य, गायक आणि शिक्षक म्हणून अधिकार मोठा. आकाशवाणीच्या गायक-वादकांची पारख करण्याच्या कामातही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनने आपल्या कलावंतांची परीक्षा घेण्यासाठी त्यांनाच बोलावले.

त्या कलावंतांत एक नाव होते सुनील सांता. जन्म १९१५ चा. शांतिनिकेतन आणि नंतर लखनौ इथे शिकून १९४४ मध्ये पदवी घेऊन घरी गेलेला हा गायक. पण घरी जाऊन त्याने लखनौची नक्कल केली नाही. मुनिदास कुमारतुंग यांची 'हेळ' चळवळ तेव्हा जोरात होती. सिंहली भाषेने उसन्या शब्दांवर जगू नये, असे तिचे म्हणणे. सांता म्हणाला, मग गाण्याने तरी उसन्या चालींवर का जगावे? साध्या सिंहली शब्दांना त्याने साध्या, रागाच्या चौकटीत न बसणाऱ्या चाली दिल्या. पाश्चात्त्य वाद्यांची साथ घ्यायलाही तो कचरला नाही. लोकांनी ती गाणी उचलून धरली.

अशा माणसाला आता आपल्याच जुन्या प्राचार्यांपुढे परीक्षेला बसायचे होते. त्याने नकार दिला. सिंहली गाण्याची परीक्षा हिंदुस्थानी रागांच्या मापाने होऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे. मग नियमाप्रमाणे झाले, परीक्षा नाही तर काम नाही. त्या काळात नभोवाणीबाहेर गायकाला पोट भरायला जागा किती होती? लोकप्रियतेच्या ऐन भरात असलेल्या गायकाला रेडिओचे दार पुढे बरीच वर्षे बंद राहिले.

ध्यानात घ्या, साल तेच, १९५२. ज्या वर्षी कोलंबोने आपल्या चित्रपटगीतांना दार उघडले, त्याच वर्षी त्याच नभोवाणीने स्वतःच्या एका लाडक्या गायकाला बाहेर ठेवले. व्यापारी सेवेत दारावर जाहिरातदार उभा होता, त्याला खपणारे गाणे हवे होते. देशी गाण्याच्या दारावर परीक्षक उभा होता, त्याला शुद्ध गाणे हवे होते. केंद्र एक, पण दारे दोन आणि दोहोंची मापे वेगळी.

यात कोणाला खलपुरुष ठरवायचे नाही. केसकर काय किंवा रातंजनकर काय, दोघांचीही संगीतावरची निष्ठा निःसंशय होती. आपल्या विद्येविषयी त्यांनी फार कष्ट घेतले, आणि तिच्यामुळे इतरांचेही भले होईल असे त्यांना मनापासून वाटे. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून हा मोह मला चांगला कळतो. आपल्याला जे उत्तम वाटते तेच सर्वांचे माप, असे म्हणायला शिक्षकाला फार वेळ लागत नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९५६ मध्ये लेस्टर जेम्स पेरीस यांनी 'रेखाव' हा चित्रपट काढला. स्टुडिओ सोडून खऱ्या खेड्यात चित्रित केलेल्या या बोलपटापासून सिंहली चित्रपटाला स्वतःचा चेहरा आला असे मानतात. १९५७ मध्ये तो कानच्या महोत्सवातही गेला. त्याचे संगीत कोणाचे होते? रेडिओने बाहेर ठेवलेल्या सुनील सांताचे. दुसरीकडे, लखनौलाच शिकलेल्या डब्ल्यू. डी. अमरदेव यांनी हिंदुस्थानी राग आणि सिंहली लोकगीत यांची अशी सांगड घातली, की तेच त्या देशाचे गाणे ठरले. त्यांना २००१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे लखनौची विद्या वाया गेली नाही, आणि तिला नकार देणाऱ्याचे गाणेही मेले नाही. दोघांनाही जागा हवी होती, इतकेच. सांताला ती मिळेपर्यंत त्याची उमेदीची वर्षे मात्र निघून गेली. १९८१ मध्ये तो वारला.

रेडिओ सिलोनचे नावही आता राहिले नाही. १९६७ मध्ये त्याचे महामंडळ झाले, आणि १९७२ मध्ये देशाचे नाव बदलल्यावर ते श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झाले. लघुलहरींचे ते वैभवही ओसरले. गाणे आता खिशातल्या फोनवर येते, आणि पुढचे गाणे कोणते ते बहुधा यंत्रातले गणित ठरवते. परीक्षक दिसत नाही, म्हणून दारावर कोणीच नाही असे आपल्याला वाटते. पण तुम्ही ऐकत नाही ते गाणे तुमच्यापर्यंत आले नाही की येऊ दिले गेले नाही, हे कधीतरी स्वतःला विचारून पाहावे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की सिलोन स्टेशन मुंबईतही नव्हते आणि दिल्लीतही नव्हते. पण दिल्लीच्या एका निर्णयाने आणि मुंबईच्या फितींनी ते मोठे केले. घरी गेलास की आजोबांना विचार, ते कोणत्या मीटरवर लागायचं. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, "सर, एकेचाळीस. आणि आजोबा म्हणाले, अँटेनाची तार आंब्याला बांधलेली होती."