शिफारस कुणाची?

दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ 2015 मध्ये लंडनच्या ‘फूडी हब’ पुरस्कारांत जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरली. समजा, ती बातमी देताना एका मोठ्या वृत्तपत्राने हॉटेलच्या वेबसाइटची लिंक दिली. आणि दुसऱ्या एखाद्या हॉटेलवाल्याने पैसे मोजून शंभर फुटकळ वेबसाइटवर आपली लिंक चिकटवून घेतली. गूगल कुणाला वर दाखवेल?

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक या क्रमवारीच्या पद्धतीची मूळ कल्पना साधी आहे: लिंक म्हणजे शिफारस. पण ज्याची शिफारस इतरांनी केलीय, त्याच्याच शब्दाला वजन. शिवाय हे वजन लिंक देणाऱ्या पानावरच्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. लालबागच्या मसाला गल्लीत जुनं गिऱ्हाईक एकाच दुकानाकडे बोट दाखवतं, तेव्हा आपण तिकडे वळतो. दिसेल त्या दुकानात पिटाळणाऱ्याचं कोण ऐकतो? विषयही जुळावा लागतो. मिसळीबद्दल खाद्यलेखकाने सांगावं, टायरविक्रेत्याने कशाला?

विकतच्या लिंका गूगलच्या 2012 च्या ‘पेंग्विन’ बदलानंतर अंगाशी येऊ लागल्या, क्रमांक घसरू लागले. 2016 पासून गूगल अशा लिंका बहुधा हिशेबातच धरत नाही. तरी ‘हजार लिंका स्वस्तात’ विकणारे आहेतच, आणि घेणारेही.