सुट्टीत घरांची अदलाबदल : किल्ली कोणाच्या हाती द्यावी?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मुले विचारू लागतात, "या वर्षी कुठे जायचे?" मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत राहणाऱ्या नोकरदार माणसाचे उत्तर ठरलेले असते, "बघू." रेल्वेचे भाडे कसेबसे जमते, पण चार माणसांच्या लॉजचा आणि दोन्ही वेळच्या बाहेरच्या जेवणाचा हिशेब केला की बेत बारगळतो. केंद्र सरकारच्या नोकरांना रजा प्रवास सवलत असते, पण तीही प्रवासभाड्यापुरतीच. मुक्कामाचा खर्च खिशातूनच.

यावर एक साधा उपाय आहे. ठरलेले आठ दिवस आपण त्यांच्या घरी राहायचे, त्यांनी आपल्या घरी. कोणी कोणाला भाडे द्यायचे नाही. युरोपातील शिक्षकांनी १९५० च्या दशकात ही पद्धत संघटितपणे सुरू केली. सुट्टी भरपूर आणि पगार बेताचा, अशीच त्यांचीही गत होती.

समाजकार्यातून ओळख झालेल्या नागपूरच्या एका कुटुंबाशी आम्ही अशी अदलाबदल ठरवली, तेव्हा सौभाग्यवतींनी पहिलाच प्रश्न केला, "परक्याच्या हाती आपले घर कसे द्यायचे?" प्रश्न रास्त होता. हप्ते फेडून घेतलेले दोन खोल्यांचे घर, एकेक करून जमवलेली भांडी. पुढे कळले की नागपूरच्या ताईंनीही त्यांच्या घरी नेमके हेच विचारले होते.

अशा वेळी मला बडोदा आठवते. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना जागा सोडायला लावली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही घरात घेण्याचे टाळले. एवढा विद्वान माणूस सार्वजनिक बागेत पाच तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. त्या दिवशी एका घराचे दार उघडले असते तर? म्हणून आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे ही मला नुसती काटकसर वाटत नाही.

मात्र विश्वास म्हणजे भाबडेपणा नव्हे. काही गोष्टी आधी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट तारखांची. अशोक विजयादशमीला नागपूरची आणि ६ डिसेंबरला मुंबईची घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. त्या दिवसांत यजमानाने घरीच असावे. मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा आपल्या मुलांना सोसत नाही. तेव्हा दिवाळीची सुट्टी उत्तम. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते; दोन्ही कुटुंबांनी तिकिटे हाती आल्यावरच बेत पक्का करावा.

दुसरी गोष्ट कागदाची. कोण, किती जण, किती तारखेपर्यंत राहणार हे सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. भाडे घेतलेले नाही हेही पत्रात लिहावे. सरकारी क्वार्टर्स किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातील घर असेल तर वाटपाच्या अटी आधी वाचाव्यात. शंका असल्यास अदलाबदल न करणेच बरे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. विजेच्या मीटरचा आकडा जाताना आणि येताना वहीत टिपावा. गॅस कोणी भरायचा, काही फुटले तर काय करायचे, हे आधीच बोलावे. दागिने व महत्त्वाचे कागद एका कपाटात ठेवून कुलूप लावावे. त्यात पाहुण्यांनी राग मानू नये. नळाची वेळ, सिलिंडर बदलण्याची पद्धत, जवळचा दवाखाना आणि शेजाऱ्यांचा फोन एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवावा. आम्ही पाण्याची वेळ लिहायला विसरलो. पाहुण्यांना पहिल्या दिवशी शेजारून बादल्या आणाव्या लागल्या!

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अदलाबदल ऑफिसातल्या दुसऱ्या समाजाच्या सहकाऱ्याशी असेल तर पहिल्याच बोलण्यात सांगावे की, आमच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब आहेत व ते तिथेच राहतील. पाहुणे येणार म्हणून तसबीर उतरवणारी माणसे उपनगरांत मी पाहिली आहेत. बाबासाहेबांना नाव लपवून राहावे लागले. आपण कशाला लपावे? शेजाऱ्यांना मांसाहाराचे वावडे असेल तर तेही पाहुण्यांच्या कानावर घालावे. पण पाहुण्यांच्या ताटात डोकावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मुक्कामाचा खर्च वाचला की मुलांना निवांत फिरवता येते. आम्ही दीक्षाभूमीवर दोनदा गेलो. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू पाहिल्या. टंकलेखन यंत्रापुढून मुलगी हलेना. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार पाहिले. इकडे नागपूरकरांनी राजगृह, चैत्यभूमी आणि परळची बी.आय.टी. चाळ पाहिली. अंधेरीची महाकाली लेणी, बोरिवलीची कान्हेरी लेणी आणि गोराईचा विपश्यना पॅगोडाही त्यांनी केला. कान्हेरीला सोमवारी जाऊ नये, राष्ट्रीय उद्यान बंद असते, हे मात्र आम्ही न विसरता लिहून ठेवले होते. खरे सांगायचे तर महाकाली लेणी आम्हीच अजून पाहिलेली नव्हती!

परत आलो तेव्हा घर आम्ही सोडले होते त्यापेक्षा स्वच्छ होते. ओट्यावर संत्राबर्फीचा डबा होता आणि वहीत मीटरचा आकडा नीट टिपलेला होता. सौभाग्यवतींनी कपाट उघडले, भांडी पाहिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी महाडला कोणी आहे का बघा."