पंप बंद पडला! पेट्रोल अडले कोठे?

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या बागायती गावात तुम्ही राहत असाल, तर सकाळी शेतातून येणारा एक कर्कश आवाज तुमच्या ओळखीचा असेल. तो आवाज पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाचा. नारायणगाव परिसरातील द्राक्षे आणि टोमॅटो असोत, की सातगाव पठारावरचा बटाटा असो, हवा ढगाळ झाली, धुके पडले, की शेतकऱ्याची फवारणीची घाई सुरू होते. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्यावरचा करपा ओल्या हवेत झपाट्याने पसरतात. ते कोणासाठी थांबत नाहीत. नेमक्या अशा वेळी दोरी ओढून ओढून हात दुखून आला आणि पंप सुरूच झाला नाही, तर?

पुष्कळ जण लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटर खोलायला बसतात. काही जण पंप उचलून गावातल्या मिस्त्रीकडे नेतात आणि अर्धा दिवस घालवतात. पण दोष कित्येकदा अगदी साध्या ठिकाणी असतो. तो शोधायला महागडी हत्यारे लागत नाहीत. शाळेत शिकलेले थोडे विज्ञान आणि क्रमाने विचार करण्याची सवय पुरते.

पेट्रोलचा प्रवास

या पंपात एक छोटे दोन-स्ट्रोक इंजिन असते. ते एक पंखा फिरवते. पंख्याची जोरदार हवा नळीतून बाहेर पडताना औषधाचे बारीक थेंब करून ते पानांवर नेऊन टाकते. अमेरिकेत बागेतला पालापाचोळा उडवण्यासाठी असेच यंत्र पाठीवर घेतात. त्याला औषधाची टाकी नसते एवढेच. इंजिन आणि पंखा त्याच जातीचे.

आता पेट्रोलचा मार्ग पाहा. टाकी, टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र, गाळणी, कॉक, रबरी किंवा प्लास्टिकची नळी आणि शेवटी कार्ब्युरेटर. काही पंपांत पेट्रोल वरच्या टाकीतून आपल्या वजनानेच खाली उतरते. काही यंत्रांत टाकी खाली असते. तेथे कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा इंजिनच्या ठोक्यांबरोबर मागेपुढे हलून पेट्रोल वर ओढतो.

1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14 ग्रॅम हवा लागते. म्हणजे पेट्रोल अगदी मोजून मिळायला हवे. म्हणूनच कार्ब्युरेटरमधली छिद्रे सुईच्या टोकासारखी बारीक ठेवलेली असतात. त्यांत धुळीचा एखादा कणही अडकून बसतो.

झाकणातले छिद्र कशाला?

टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. पेट्रोल सांडू नये म्हणून काही जण ते मुद्दाम बुजवतात; कधी ते औषधाच्या भुकटीने आणि मातीने आपोआप बुजते. त्याने काय बिघडते? चला, गणितच करू.

समजा, टाकीत पेट्रोलवर 100 मिलिलिटर हवा आहे आणि पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा 13 सेंटिमीटर उंच आहे. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब पेट्रोलचा सुमारे 13 मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. आता छिद्र बंद आहे आणि टाकीतून फक्त 1 मिलिलिटर पेट्रोल बाहेर गेले. आतील हवा 100 मिलिलिटरची 101 मिलिलिटर झाली. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब सुमारे 1 टक्क्याने उतरला. 13 मीटरचा 1 टक्का म्हणजे किती? बरोबर 13 सेंटिमीटर! म्हणजे पेट्रोलला खाली ढकलणारा सगळा जोर संपला. पेट्रोलच्या वाफेमुळे हा आकडा प्रत्यक्षात थोडा वाढतो, पण एक-दोन मिलिलिटरमध्येच प्रवाह थांबतो.

इंजिन तासाला 1 लिटर पेट्रोल पीत असेल, तर 1 मिलिलिटर संपायला चार सेकंदही लागत नाहीत. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर ते आणखी थोडा वेळ चालते आणि मग बंद पडते. झाकण सैल केले, की ‘सुस्’ असा आवाज येतो, हवा आत शिरते आणि पंप पुन्हा सुरू होतो. पंप सुरू होऊन थोड्याच वेळात दर वेळी बंद पडत असेल, तर पहिला संशय झाकणावर घ्या.

अर्धा मार्ग तपासा

आता खरी युक्ती. मार्गात पाच-सहा संशयित आहेत. एकेक खोलत बसलात तर वेळ जाईल. त्याऐवजी असा प्रश्न विचारा, की ज्याचे उत्तर निम्म्या संशयितांना एकदम सोडून देईल.

पहिला प्रश्न: पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचते का? आठ-दहा वेळा दोरी ओढल्यावर प्लग काढून पाहा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येत आहे. दोष ठिणगीत असेल किंवा पेट्रोल जास्त झाले असेल. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल वाटेत अडले आहे.

दुसरा प्रश्न: ते कार्ब्युरेटरच्या अलीकडे अडले की पलीकडे? टाकी वर असलेल्या पंपात नळी कार्ब्युरेटरजवळ काढून तिचे तोंड एका भांड्यात धरा आणि कॉक उघडा. अखंड धार आली, तर झाकण, गाळणी, कॉक आणि नळी ही सारी मंडळी निर्दोष! आता कार्ब्युरेटर खोलण्याला अर्थ आहे. धार आलीच नाही किंवा येऊन मंदावली, तर झाकण सैल करा. त्याने धार वाढली, तर छिद्र बुजले आहे. नाही वाढली, तर गाळणी, कॉक आणि नळी पाहा.

काही यंत्रांवर दाबण्याचा छोटा पारदर्शक फुगा असतो. तोही बोलका असतो. दाबून सोडल्यावर तो आतच चिकटून राहिला, तर टाकीकडून पेट्रोल येत नाही. त्यात सारखे बुडबुडे दिसले, तर नळीला चीर गेली आहे किंवा टाकीतले पेट्रोल नळीच्या तोंडाखाली गेले आहे. चीर असलेल्या नळीतून पेट्रोल नेहमी गळतेच असे नाही. शहाळ्यातल्या नळीला भोक पडले तर काय होते? पाणी गळत नाही, पण तोंडात नुसती हवा येते. तसेच येथे घडते.

ही चीर दुर्लक्षून चालत नाही. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच मिळते. कंपनीच्या पुस्तकात 1 लिटर पेट्रोलला 25 मिलिलिटर तेल सांगितले असेल, तर तेवढेच घालावे लागते. पेट्रोल कमी पडले, की तेलही कमी पडते. इंजिन काही वेळ जोरात पळते, तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. दोन वीत नळीची कंजुषी अशी महागात पडते.

इथेनॉल आणि पाणी

भारतात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 साली गाठले गेले. इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासून मिळते. पण त्याला पाण्याची ओढ असते, आणि जुन्या पद्धतीच्या काही रबरी नळ्या त्यामुळे फुगतात, मऊ पडतात. पेट्रोलमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शिरले, तर इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते. नळीचे तोंडही तळाशीच! त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. मग इंजिनाचे काय होईल, ते तुम्हीच सांगा.

शिक्षकांना हे प्रयोगशाळेत दाखवता येईल. ज्योत जवळ नसताना, मोकळ्या हवेत, मोजपात्रात 50 मिलिलिटर पेट्रोल आणि 10 मिलिलिटर पाणी घालून अलगद हलवावे व स्थिर ठेवावे. तळाचा थर 10 ऐवजी सुमारे 20 मिलिलिटर भरतो. वाढलेले 10 मिलिलिटर म्हणजे इथेनॉल.

पंप महिनोन् महिने पडून राहिला, तर पेट्रोलचा लवकर उडणारा भाग निघून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. द्राक्षाचा हंगाम उरकला, की खरड छाटणीनंतरच्या फवारणीपर्यंत टाकी रिकामी करून ठेवणे म्हणूनच चांगले. उरलेले पेट्रोल ओढ्यात किंवा विहिरीजवळ मात्र ओतू नये.

तुम्ही करून पाहा

पेट्रोलचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करायचे: इंजिन थंड असताना, उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून. पेट्रोल सांडलेले असताना ठिणगी तपासायची नाही. नळी तोंडाने ओढायची तर मुळीच नाही. पेट्रोल फुप्फुसांत गेले तर जिवावर बेतते. पंपावर औषध लागलेले असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

पण वरील सारा विचार साध्या पाण्यावर पडताळता येतो. जाड प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ भोक पाडून त्यात बारीक नळी मेणाने घट्ट बसवा. झाकणाला खिळ्याने छिद्र पाडा. पाणी भरा, धार सुरू होऊ द्या आणि छिद्रावर बोट ठेवा. धार थांबायला किती सेकंद लागतात? बाटली जवळजवळ भरलेली असताना आणि अर्धी रिकामी असताना वेळ सारखाच लागतो का? आधी बॉइलच्या नियमावरून उत्तर लिहा, मग मोजा. नंतर एका मित्राला वर्गाबाहेर पाठवा, मार्गात कोठेतरी गुपचूप अडथळा निर्माण करा आणि त्याला कमीत कमी प्रश्नांत तो शोधायला सांगा. ज्याला हे जमले, त्याला घरची बंद पडलेली सायकल, विजेचा दिवा किंवा पाण्याची मोटर यांचा दोष शोधणेही जमू लागेल.