बसलेला आवाज किती दिवस चालवून घ्यायचा?

गेल्या गणेशोत्सवात दहा दिवस तारस्वरात आरत्या म्हटल्या, त्यात सर्दी झाली. अकराव्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. दोन दिवस कुजबुजत काम रेटलं. डॉक्टर म्हणाले, "कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. त्यापेक्षा गप्प बसा." अँटिबायोटिक मागितलं तर दिलं नाही. अशी सूज बहुतेक वेळा व्हायरसमुळे येते, तिथे त्याचा उपयोग नसतो. पाणी, वाफ आणि मौन यांवर आठवड्यात आवाज परत आला. (गुळण्यांचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं. पोचलं तर ठसकाच लागेल!)

मी बरा झालो, पण आईचं काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला. आई इथे हैदराबादला मराठी शाळेत तीस वर्षं शिकवत होती. तिचा आवाज घोगरा आहे, संध्याकाळी तर फुटतोच. "बाईंचा आवाज असाच" म्हणून आम्ही सगळ्यांनी तो सोडून दिला होता. खडीसाखर आणि ज्येष्ठमध मात्र कायम पर्समध्ये.

बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाचे शंभर-सव्वाशे वेळा. सुजले की ते जड होतात, नीट मिटत नाहीत. माझी सूज आठवड्याची होती. तीन आठवड्यांच्या पुढे गेली की ती जुनाट समजतात, आणि तिथे कारणं बदलतात : वर्षानुवर्षं ओरडून बोलणं, सिगारेट, धूळ-धूर, पोटातलं आम्ल घशापर्यंत येणं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज तोच, बग वेगळा.

आईला मोठ्या मिनतवारीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. "आता रिटायर झाले, कशाला?" हे वाटेत चारदा ऐकलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी पडद्यावर दाखवलं : दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोटे घट्टे, हाताला पडतात तसे. ऑपरेशनची गरज पडली नाही. स्पीच थेरपिस्टने श्वास घेऊन, घसा न आवळता बोलायला शिकवलं. आवाज पूर्वीसारखा झाला नाही, पण आता संध्याकाळपर्यंत टिकतो.

मला धसका बसला तो डॉक्टरांच्या एका वाक्याचा. घशाच्या कॅन्सरची सुरुवातही नुसत्या घोगरेपणाने होऊ शकते, आणि लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. म्हणून चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर घसा आतून तपासून घ्यायचाच. घरात कुणी तंबाखू-सिगारेट घेत असेल, मानेला गाठ लागत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, गिळताना त्रास होत असेल, तर चार आठवडेही थांबायचं नाही. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याच क्षणी दवाखाना.

आई आता नातवाला गॅलरीतून ओरडून हाक मारत नाही, टाळी वाजवते. तो तरीही येत नाही, ती गोष्ट वेगळी.